पंखामागचं दार

देवीला यंदा विमानात बसवायचं, असं ओमप्रकाशजींनी जाहीर केलं तेव्हा मंडळातले निम्मे लोक त्यांचा चहा पीत होते आणि उरलेले निम्मे त्याच चहाची वाट पाहत होते. त्यामुळे नाही म्हणायला कुणी पुढं आलं नाही. ओमप्रकाशजी बोरगाव मेघेच्या त्या दुर्गा उत्सव मंडळाचे अध्यक्ष. वर्ध्याच्या बाजारात त्यांचं साड्यांचं मोठं दुकान होतं. माणूसही दिलदार होता, फक्त जे काही करायचा त्यावर स्वतःच्या फोटोचा बोर्ड लागल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. गेल्या वर्षी सावंगीच्या एका मंडळानं देवीसाठी अख्खा रेल्वेचा डबा उभारला आणि तो पाहायला बोरगावचीच माणसं पोराबाळांना घेऊन रांगेत उभी राहिली. ती गोष्ट ओमप्रकाशजींच्या घशात वर्षभर अडकून बसली होती.

"त्याहीनं रेलगाडी केली ना? आपुन हवाई जहाज करू," ते म्हणाले. "काऊन नाई होत? आचल, बोल बेटा. होते का नाई?"

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. मागच्या खुर्चीवर आचल बसली होती. तिचे वडील बापूराव यांचं बिछायत केंद्र होतं, म्हणजे मांडवाचे बांबू, ताडपत्र्या, कापड, खुर्च्या, सतरंज्या, सगळं भाड्यानं द्यायचं आणि उभारूनही द्यायचं. बोरगावातलं लग्न असो की तेरवी, वर्षानुवर्षं बापूरावांच्या बांबूशिवाय झालं नव्हतं. उन्हाळ्यात एका लग्नाच्या मांडवावरून ते खाली आले आणि कंबरेजवळचं हाड मोडून बसले. तेव्हापासून ते वॉकर धरून अंगणात आणि काम आचलच्या अंगावर.

गंमत अशी, की आचलचं शिक्षण विमानाचंच होतं. नागपूरला राहून तिनं विमानांच्या देखभालीचा डिप्लोमा केला, इंजिनं उघडली, मिटली, चांगल्या मार्कांनी पास झाली आणि नोकरी काही लागली नाही. घरी परत आली तेव्हा गल्लीनं तिचं नाव 'पायलट' ठेवून दिलं. ती विमानात एकदाही बसली नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर ठेवलं.

"होते," आचल म्हणाली. जराही थांबली नाही. विमानाबद्दल कुणीतरी आपल्याला काही विचारावं याची ती चार वर्षं वाट पाहत होती.

घरी मोठ्या भावानं कपाळाला हात लावला. धर्मेंद्र सेवाग्रामला नोकरीला होता, पगार वेळेवर घरी आणत होता आणि बांबूंकडं पाहिलं की त्याला बाबांची मोडलेली कंबरच दिसायची. त्यानं नागपूरच्या एका मंडपवाल्याशी बोलणी करून ठेवली होती. दसरा झाला की ट्रक येणार, बाबांचं सामान उचलणार, विषय संपला.

"बाबा पडले, आता हे चढून राह्यली," तो म्हणाला. "उद्या हिलेही दवाखान्यात नेऊ का मी?"

"सामान विकाचं असन तर मले विचारून विक," आचल म्हणाली.

"तुह्यं आहे का ते?"

बापूराव वॉकरवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. मग त्यांनी निकाल दिला. "हे नवरात्र तिले करू दे. काम नीट पार पडलं तर सामान तिचं, धंदा तिचा. नाई पडलं तर तू म्हणतो तसं."

दोघांनीही मान हलवली. धर्मेंद्रनं निश्चिंतपणे हलवली, कारण बांबूचं विमान ही नीट पार पडायची गोष्ट आहे असं त्याला वाटतच नव्हतं. आचलला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. तिला हा धंदा हवा होता. नाईलाज म्हणून नव्हे, नोकरी मिळाली नाही म्हणूनही नव्हे. मोकळ्या मैदानात सकाळी काही नसतं आणि संध्याकाळी तिथं हजार माणसांना सावली असते, हे तिला मनापासून आवडायचं.

विमान कोणतं, हे तिचं आधीच ठरलं होतं. बोइंगचं सातशे सदतीस. बापूरावांच्या हाताखाली केस पिकलेला प्रेमदास बांबूच्या चिपा वाकवून गोल कड्या बांधायचा आणि आचल त्याला त्या विमानाचं पुराण सांगायची. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं आणि प्रेमदासला हात चालू असताना कान रिकामे आवडत नसत.

साठच्या दशकात हे विमान जन्मलं तेव्हा आखूड आणि गुबगुबीत होतं. त्याची उंची मुद्दाम कमी ठेवली होती, कारण लहान गावांच्या विमानतळांवर तेव्हा सामान चढवायला यंत्रं नसायची. माणसानं जमिनीवर उभं राहून हातानं पेट्या आत सरकवाव्यात, असा हिशेब. पहिला प्रकार शंभर, तो फारसा कुणी घेतला नाही. मग पंखाच्या पुढं थोडं आणि मागं थोडं अंग वाढवून दोनशे केला, तो मात्र हातोहात खपला. पुढं कमी तेल खाणारी मोठी इंजिनं आली आणि पंचाईत झाली. पंख इतका खाली, की त्याखाली हे धूड लटकवलं तर जमिनीला घासेल. मग त्यांनी इंजिन पंखाच्या पुढं सरकवलं, त्याच्या पोटाखालची यंत्रं कुशीला नेली आणि खालची बाजू चपटी केली. तीनशे, चारशे, पाचशे ही त्या चपट्या तोंडाची भावंडं. नव्वदच्या दशकात पंखच नवे आले आणि सहाशेपासून नऊशेपर्यंतची पिढी निघाली. आता मॅक्स आलं, त्याची इंजिनं आणखी मोठी, आणखी पुढं.

"म्हंजे पोट्टी तेच, लुगडं दरवेळी नवं," प्रेमदास म्हणाला.

"उलट आहे काका. लुगडं तेच, पोट्टी वाढत गेली. लांबी वाढली, पंख बदलले, इंजिन बदललं. पोटाची रुंदी तेवढीच. मधात एकच रस्ता, दोन्ही बाजूनं खुर्च्या. एवढ्या वर्षांत तो रस्ता काही दुसरा झाला नाई."

आचलनं आठशे निवडलं, कारण आठशे सगळ्यांत जास्त उडतं आणि दिसायला बेतशीर आहे. लांबी मैदानाला मानवेल एवढी निम्मी घेतली, पण पोट माणसांच्या मापाचं ठेवलं. शेपटीकडच्या दारानं आत शिरायचं, खुर्च्यांच्या मधून चालत पुढं जायचं, वैमानिकाच्या जागी देवी, तिचं दर्शन घेऊन पुढच्या दारानं बाहेर. पंखांवरची दारं तिनं फक्त रंगवली. पंख चिपांचे आणि कापडाचे होते, त्यांच्यावर मांजर चाललं असतं, माणूस नाही. कमान उभी राहिली, वर पांढरं कापड ताणलं गेलं आणि सातवी-आठवीची पोरं शाळा सोडून कुंपणाला लटकायला लागली.

मग ओमप्रकाशजी आले. विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंत चालत गेले, परत आले आणि त्यांचा चेहरा पडला.

"छोटं वाटून राह्यलं, बेटा. सावंगीची रेलगाडी याच्याहून लंबी होती. याले लंबं कर."

खरं तर आचलला राग यायला हवा होता, पण ती खूश झाली. विमान लांब कसं करतात हे तिला पाठ होतं. एका बाजूनं वाढवायचं नाही, नाही तर तोल जातो. पंखाच्या पुढं काही कड्या घालायच्या, मागं काही कड्या घालायच्या, मधला सांगाडा तसाच. आठशेचं नऊशे असंच झालं होतं. तिनं आणि प्रेमदासनं कड्या घातल्या, विमान कुंपणापर्यंत ऐसपैस पसरलं आणि ओमप्रकाशजींनी प्रेमदासला मिठी मारली. लगेच पंखाच्या मागच्या मोकळ्या जागेवर लोखंडी चौकटीत ताणलेला भलामोठा फ्लेक्स चढला. त्यावर ओमप्रकाशजी हात जोडून उभे, बाजूला साडी दुकानाचं नाव, आणि कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, देवी.

घटस्थापना तोंडावर आली तेव्हा शकुंतलाबाई विमान पाहायला आल्या. त्या गल्लीतल्या बायांच्या भजनी मंडळाच्या प्रमुख, आचलच्या शेजारच्या काकू आणि स्पष्ट बोलण्यात साऱ्या बोरगावात एक नंबर. मागच्या दारानं चढल्या, खुर्च्यांवरून हात फिरवत पुढं आल्या. देवीची जागा अजून रिकामी होती.

"छान केलं वं पोरी," त्या म्हणाल्या. "अन् ओटी कुठी भराची?"

"इथंच ना काकू. देवीसमोर."

"इथं?" शकुंतलाबाई त्या चिंचोळ्या रस्त्यात खाली बसल्या. हातात ताट नव्हतं तरी त्यांनी ते समोर ठेवलं. पदर सावरला, खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले, हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि डोळे मिटून पुटपुटत राहिल्या. मागं त्यांच्यासोबतच्या दोघी उभ्या होत्या. त्यांना ना पुढं सरकता येईना, ना बाजूनं जाता येईना. एकीनं खुर्चीवर गुडघा टेकवून पाहिला आणि सोडून दिलं.

"देवीले मनातलं सांगाले टाइम लागते ना," डोळे उघडून शकुंतलाबाई म्हणाल्या. "अष्टमीले तर अख्ख्या बोरगावच्या बाया येतीन. लेकीसुना, लेकरं कडेवर. त्या काय चालता चालता ओटी भरतीन का?"

आचलनं मागं वळून त्या लांबलचक रस्त्याकडं पाहिलं. लहानपणापासून तिनं बाबांसोबत देवीचे मांडव उभारले होते. उघड्या मांडवात बाया एका बाजूला बसून ओटी भरतात आणि माणसं दुसऱ्या बाजूनं दर्शन घेऊन पुढं जातात. कुणी ते ठरवत नाही, आपोआप होतं. म्हणूनच ते तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं विमान हुबेहूब केलं आणि त्यात देवी येणार आहे हेच विसरली. या नळीला बाजू नव्हती. एक बाई बसली की मागची सारी रांग उभी, आणि तिनं तर मोठ्या हौसेनं नळी आणखी लांब करून ठेवली होती. लांबी वाढली म्हणजे काय वाढलं? आत अडकणारी माणसं वाढली.

तिला नऊशेची गोष्ट आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली, कारण ही गोष्ट तिनं परीक्षेत लिहिली होती. नऊशे हे आठशेहून लांब, तरी त्यात आठशे प्रकारात बसतात त्याहून जास्त माणसं बसवायची परवानगी नव्हती. कारण लांबी वाढवली, दारं तेवढीच ठेवली. विमानात माणसं किती, हे जागेवरून ठरत नाही. संकट आलं तर किती जण झटपट बाहेर पडतील, यावरून ठरतं. शेवटी त्यांनी सुधारलेलं नऊशे काढलं, पंखामागं दोन्ही बाजूंना एकेक नवं दार दिलं आणि मगच आत जास्त माणसं घेतली.

तिनं पुढच्या खुर्च्यांच्या काही रांगा काढून बायांना बसायला जागा केली. आणि पंखामागं दार द्यायचं ठरवलं. उजवीकडं शाळेची भिंत इतकी जवळ होती, की पंखही आखूड ठेवावा लागला होता, तिथं जमणार नव्हतं. उरली डावी बाजू, आणि डाव्या बाजूला नेमके त्याच जागी ओमप्रकाशजी हात जोडून उभे होते.

"बोर्ड नाई हटणार," ओमप्रकाशजी म्हणाले. सोबत धर्मेंद्र होता, त्यांनीच त्याला बोलावून आणलं होतं. "दार दिलं की फुकटचे लोक मधातून घुसतीन, रांग मोडीन. अन् हे पाह्य." त्यांनी मोबाइल पुढं केला. "मी पण पाह्यलं व्हिडिओत. तुह्या त्या मॅक्समध्ये पण ते दार बंदच असते. बाहेरून पत्रा, आतून खिडकी. त्याहीले चालते, तुले काऊन नाई चालत?"

आचलनं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. माणसानं अभ्यास केला होता.

"बरोबर आहे, काकाजी. पण ते कोण बंद ठेवते? जे खुर्च्या कमी लावतात ते. माणसं कमी, म्हणून ते दार लागत नाई. तुमी माणसं कमी घेता का? अष्टमीले फाटकावर उभं राहून अर्ध्या बायाले वापस पाठवता का?"

"देवीच्या दारातून वापस? पागल झाली का?"

"मंग दार पाह्यजे."

"सेठ म्हणतात तसं कर ना," धर्मेंद्र खालच्या आवाजात म्हणाला. "त्याहीचं मंडळ, त्याहीचं मैदान. काऊन भांडून राह्यली?"

तिला एकदम रडू आल्यासारखं झालं. अध्यक्ष नाराज झाला तर काम नीट पार पडलं असं कुणी म्हणणार नव्हतं, आणि काम नीट पार पडलं नाही तर दसऱ्यानंतर ट्रक होता. ती घरी गेली आणि बापूरावांसमोर बसून सगळं सांगितलं. बापूरावांनी वॉकर जवळ ओढला. ओमप्रकाशजींचा शब्द त्यांनी आजवर कधी मोडला नव्हता.

"दार नसलं," ते म्हणाले, "तर अष्टमीले तू सोता त्या विमानात मधोमध उभी राहशीन का?"

"नाई राहणार."

"मंग मले काऊन विचारतं?"

ती तशीच उठून मैदानावर परत आली. ओमप्रकाशजी कार्यकर्त्यांना फुलांच्या माळा कुठं लावायच्या ते सांगत होते.

"काकाजी, दोनपैकी एक घ्या," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "लंबं पाह्यजे तर दार राहीन. दार नको तर मी विमान आखूड करते. जेवढ्या कड्या घातल्या त्याहून जास्त काढते. आठशे नाई, सातशे करते. छोटं, गोंडस. प्रेमदासकाका, पहिली कडी सोडा."

प्रेमदासनं एकदा आचलकडं, एकदा अध्यक्षांकडं पाहिलं आणि सुतळीच्या गाठीला हात घातला. त्याच्या आयुष्यात मालकानं असा हुकूम दिलाच नव्हता, त्यामुळे त्याला तो फार आवडलेला दिसला.

"अरे रुक!" ओमप्रकाशजी ओरडले. आखूड विमान म्हणजे सावंगीसमोर मान खाली. त्यांनी घाम पुसला. "ठीक आहे. कर दार. बोर्ड फाटकावर लावा."

घरी जेवताना धर्मेंद्र म्हणाला, "अध्यक्षाले लोकाइसमोर खाली पाहाले लावलं तू. हे नीट पार पडणं नाई." आणि नागपूरच्या मंडपवाल्याला त्यानं तारीख कळवून टाकली.

नवरात्र सुरू झालं आणि विमान गाजलं. सावंगीची माणसं आली, सेवाग्रामची आली, वर्ध्याच्या पोरांनी पंखाखाली उभं राहून फोटो काढले. बायकांनी देवीला पहिल्यांदाच खिडकीतून पाहिलं. पंखामागच्या दाराला आचलनं नुसता जाड पडदा लावला होता आणि खाली लाकडी पायऱ्या ठेवल्या होत्या. गर्दी वाढली की प्रेमदास पडदा बाजूला करायचा आणि ज्यांना फक्त नमस्कार करायचा आहे ते लांबूनच करून तिथून उतरायचे. एकही फुकट्या मधून घुसला नाही. ओमप्रकाशजी दिवसातून चारदा येऊन हे दार आपल्याच सांगण्यावरून दिल्याचं पाहुण्यांना सांगायला लागले होते.

अष्टमीच्या दुपारी आरतीला एक मोठे पाहुणे यायचे होते. ते मागच्या बाजूनं गाडीतून उतरणार, म्हणून कार्यकर्त्यांनी फाटकावरचा बोर्ड काढून पुन्हा पंखामागं चढवला. आरतीपुरता. चौकट तारेनं पक्की आवळली, पायऱ्या बाजूला सारल्या. आचल तेव्हा पुढच्या दारापाशी देवीची फुलं बदलत होती आणि प्रेमदास जेवायला गेला होता. पाहुणे आले, आरती झाली, पाहुणे गेले. त्यांच्यामागं सारे कार्यकर्ते मोबाइल घेऊन धावले आणि बोर्ड जिथल्या तिथं राहिला.

ऊन कलायला लागलं तशी, प्रेमदास परतायच्या आतच, बायांची रीघ लागली. हिरव्या साड्या, हातात ताटं, कडेवर लेकरं. आचल पुढच्या पायऱ्यांवर उभी राहून बाहेर येणाऱ्यांना हात देत होती. आधी तिला वाटलं, आज ओट्या जास्त म्हणून रांग हळू आहे. मग बाहेर येणंच थांबलं. तिनं आत डोकावून पाहिलं. देवीसमोर चौघी बसल्या होत्या, त्यांच्या मागं माणसांची भिंत होती. शेपटीकडच्या दारातून लोक आत चढतच होते, कारण बाहेरच्यांना आतलं दिसत नव्हतं. कुणीतरी रडत होतं, लेकरू की बाई ते कळेना. "मांगं सरा, मांगं सरा," असा आवाज आला आणि कुणीही सरलं नाही.

ती पायऱ्यांवरून उडी मारून बाहेरच्या बाजूनं धावली. पंखाला वळसा घातला आणि थबकली. दाराच्या जागी ओमप्रकाशजी हात जोडून उभे होते आणि हलत होते. त्यांच्या छातीवर, कपाळावर आतून तळहात उमटत होते. आतल्या लोकांनी पडदा ओढून काढला होता आणि पुढं फ्लेक्स लागला होता.

तार सोडवायला पक्कड लागली असती, आणि पक्कड घरी होती. एक कार्यकर्ता धावत आला.

"ताई, थांब, काकाजीले विचारून..."

"पायऱ्या आण!" ती अशी ओरडली, की तो पुढचं बोलणं गिळून पायऱ्यांकडं पळाला. कंबरेला सुतळी कापायचा चाकू होता. "आतल्याहीनं हात मांगं घ्या! मी कापून राह्यली!" तिनं टाचा उंचावून फ्लेक्समध्ये चाकू खुपसला आणि अध्यक्षांच्या गळ्यापासून पायापर्यंत एका दमात खाली ओढला. मग आडवा. फडका लोंबला आणि आतली गरम हवा, अगरबत्तीचा, घामाचा वास तिच्या तोंडावर आला.

पायऱ्या लागल्या. ती वर चढून बाजूला उभी राहिली आणि हात पुढं केला. पहिली एक पोरगी आली, लेकरू छातीशी धरून. मग दोन म्हाताऱ्या. मग शकुंतलाबाई, कपाळावरचं कुंकू गालापर्यंत आलेलं, पण ताटातला नारळ जिथल्या तिथं. "आधी श्वास घेते, मंग बोलते," म्हणत त्या खाली उतरल्या. आतली भिंत विरघळायला लागली. मागच्यांना पुढं जागा झाली, पुढच्या दारानंही माणसं उतरू लागली.

आणि मग दारात पाठ आली. कुणीतरी उलटं उतरत होतं, आतल्या कुणाला तरी दोन्ही हातांनी धरून. शर्ट घामानं चिकटलेला. आचलनं त्याच्या पाठीला हात लावला तेव्हा तो वळला. धर्मेंद्र होता. आणि त्याच्या हातात बाबा होते.

तिला न सांगता तो बाबांना घेऊन आला होता. सामान जायच्या आधी एकदा पोरीचं काम बाबांच्या डोळ्यांनी पाहावं, एवढंच त्याच्या मनात होतं. बापूरावांचा वॉकर खुर्च्यांमध्ये अडकून आत राहिला होता आणि गर्दी दाटली तसा कंबर मोडल्यापासून अधू झालेला त्यांचा पाय डगमगायला लागला होता. ते बसले असते तर पुन्हा उठले नसते. धर्मेंद्रनं त्यांना पाठीमागून कवटाळून नुसतं उभं धरून ठेवलं होतं. दोघांनी मिळून त्यांना पायऱ्यांवरून उतरवलं, खुर्चीवर बसवलं. बापूरावांनी पाण्याचा घोट घेतला आणि हातानंच खूण केली, मी ठीक आहे, तू जा. धर्मेंद्र बहिणीकडं पाहत राहिला.

"पायऱ्या धर," आचल म्हणाली. "हलून राह्यल्या. अजून लय बाया आहे आत."

तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी पायऱ्या धरून राहिला.

तेवढ्यात ओमप्रकाशजी पाहुण्यांना निरोप देऊन परतले. त्यांनी लांबूनच आपला दुभंगलेला फोटो पाहिला आणि धोतराचा सोगा सावरत धावत आले. आत काय झालं ते त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

"किसने फाडा? माह्या बोर्ड कोणं फाडला?"

कार्यकर्ते जमिनीकडं पाहू लागले. धर्मेंद्र पायऱ्या न सोडता मान वर करून म्हणाला, "मालकिणीनं."

"कोण मालकीण?"

"बापूराव बिछायत केंद्राची. तिनं फाडला, सेठ. अन् नसता फाडला तर माह्या बाप आत राह्यला असता."

ओमप्रकाशजींनी खुर्चीवर बसलेल्या बापूरावांकडं पाहिलं, मग फाटक्या दाराकडं. त्यांनी उरलेला फडका स्वतःच्या हातानं ओढून काढला आणि कार्यकर्त्यांवर पाण्यासाठी ओरडले.

आचलनं सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे भरून वाहायला लागले, पण पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात आतून उतरणाऱ्या बाईचा हात होता आणि दुसऱ्यात तिचं ओटीचं ताट.